गाडी काही बोलेना

मंगळवार, ४ फेब्रुवारी

परवाना कार्यालयातून निरोप आला. २७ तारखेला गाडी तपासणीला न्यायची. यंदा नवीन टूम निघाली आहे. स्टिअरिंगच्या खाली जे पोर्ट असतं त्यात तपासनीस आपलं यंत्र लावणार आणि गाडीनं त्याला उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर गाडी नापास. गाडी नापास झाली की माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना संपला.

स्कूल म्हणजे काय, तर मी, एक पांढरी गाडी आणि सध्या एकुलती एक विद्यार्थिनी. ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आई.

पूर्वी बऱ्याच होत्या. मग गेल्या उन्हाळ्यात सिग्नलला उभे असताना मागून टेम्पो येऊन आदळला. स्टिअरिंगवर चष्मेवाली होती, माझी सगळ्यात हुशार मुलगी. तिचं खांद्याचं हाड मोडलं. आता जुळलंय. तेव्हापासून मी जरा जास्त खबरदारी घेते, एवढंच. माझ्या पायाशीही ब्रेक आहे, तो काय शोभेला बसवलाय? पण बायकांना ते पटेना. एकेक करत सगळ्या गळल्या. नवरा तेव्हा म्हणाला होता, "मागून आलेल्या टेम्पोला तू पुढून ब्रेक मारून काय करणार होतीस?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नव्हते.

गाडी कव्हरखाली धूळ खात पडली. मग एका सकाळी आई बूट घालून दारात उभ्या. "मला शिकव. बहिणीकडे जायचं तर दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं." जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई, वय एकसष्ट. नाही कसं म्हणायचं? घेतलं शिकवायला.

तर तपासणीआधी घरीच बघून ठेवावं म्हणून आज गाडीतले बिघाड वाचणारा एक छोटा कोड रीडर आणला. पोर्टमध्ये खोचला. त्याचा दिवाही लागला नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रीडरच खराब असेल म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीला लावून पाहिला. तिथे लगेच दिवा लागला आणि भराभर आकडे यायला लागले. म्हणजे दोष आमच्याच गाडीत.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ते कळल्यावर मला बरं वाटलं. परवाना गेला तर माझ्या हातून गेला असं कुणी म्हणणार नाही. गाडीच बोलत नाही, त्याला मी काय करू?

आईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे शाळा बंद?" मी म्हटलं, "बघू." त्यांनी शिकण्याचा किती ध्यास घेतलाय हे आज समजलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गॅरेजमध्ये मोठा स्कॅनर लावून पाहिला. त्याला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे पडदा तरी उजळला. बराच वेळ गोल फिरत राहिला आणि शेवटी म्हणाला, गाडीशी संपर्क होत नाही. गॅरेजवाल्याने लगेच मान हलवली, "इंजिनचा संगणक गेला, मॅडम. नवा टाकावा लागेल." गाडी व्यवस्थित चालते, एका चावीत सुरू होते, मग संगणक गेला कसा? असं विचारल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जेवताना नवरा म्हणाला, "विकून टाकू या का?" त्याने ते हळूच म्हटलं, माझ्याकडे न बघता. त्याला वाटतं मला सुटका हवी आहे. मी काही बोलायच्या आत आईंनी ताटावरून मान वर केली. "माझं शिक्षण अर्धवट टाकून? खबरदार. पोर्ट म्हणजे काय, खाली एक भोकच ना? त्यात बघा आधी काय झालंय ते."

रविवार, ९ फेब्रुवारी

नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. त्यामुळे आमच्याकडे कुठलीही वस्तू बिघडली की दातांच्या हत्यारांनी तपासली जाते. आज पोर्टची पाळी होती. हा पेडलपाशी डोकं घालून उताणा पडलेला, हातात दात बघायचा छोटा आरसा, तोंडात टॉर्च. मी वरून विचारते, "काय दिसतंय?" तो टॉर्चसकट म्हणतो, "ओंओं." पोर्टमध्ये पितळी पिनांच्या दोन रांगा असतात. एखादी वाकली किंवा आत गेली तरी रीडर बोलत नाही, असं वाचलं होतं. सगळ्या पिना सरळ निघाल्या. "कुणालाही हेवा वाटावा अशी बत्तिशी आहे," असा निकाल देऊन तो बाहेर आला, आणि येताना लोखंडी पट्टीवर बोट कापून घेतलं.

आईंनी त्याला लगेच समोर बसवलं. एवढंसं खरचटलेलं, पण त्यांनी पांढरी चिकटपट्टी चारही कडा दुमडून अशी लावली, की ऑपरेशन झालं असावं. टोक तिरकं कापायचं, म्हणजे निघत नाही म्हणे. आमच्या घरात मिक्सरच्या झाकणापासून चष्म्याच्या काडीपर्यंत सगळ्याला अशाच पट्ट्या आहेत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवून पुन्हा जोडली. काही उपयोग नाही. रीडर ढिम्म.

सकाळी आईंचा धडा घेतला. आज तीनदा गाडी बंद पाडली. क्लच हळू सोडायचा, हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणेन. एक मात्र नशीब, त्यांची गाडी बंद पडते ती नेहमी मैदानाजवळच्या रिकाम्या रस्त्यावर. मोठ्या चौकात आजवर एकदाही नाही. तिथे बहुधा भीतीनेच नीट चालवत असतील.

"मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांग बघू," त्या म्हणाल्या. मग मी सांगत बसले. क्लच म्हणजे काय, गाडी गिअर कशी पकडते, पायाला ते कसं कळतं. सांगता सांगता अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात मला टेम्पो आठवला नाही. हे आता लिहिताना लक्षात आलं.

बझरचंही बघायला हवं. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला की गाडीत बझर वाजतो, परीक्षा घेणाऱ्याला कळावं म्हणून तो बसवलेला असतो. आईंचे पहिले धडे त्या बझरने नको केले होते. सारखा वाजायचा. आई समोर बघत राहायच्या आणि घरी आल्यावर मी पलंगावर पालथी पडायची. "मला नाही येत शिकवायला," असं रडून म्हणालेही होते एकदा. मग नोव्हेंबरात तो आपोआप मुका झाला आणि आमची गाडी रुळावर आली. आता मी ब्रेक दाबते तेही आईंना कळत नाही.

"बझर दुरुस्त करून घेते," म्हटलं, तर आई घाईने म्हणाल्या, "त्याची कसली घाई? अगदी आदल्या दिवशी बघ."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर बाई हवी आहे. दुपारी जाऊन चौकशी करून आले. दुकान छान आहे. पेनं, वह्या, खोडरबर. कुणाचं हाड मोडायची शक्यता नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "एक तारखेपासून या." मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

घरी फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला खरंच तेच हवं असेल तर माझी ना नाही. पण तुला ते हवंय का?" मी भांडी घासत राहिले. मला गाडी चालवायला शिकवायला आवडतं. एखादी बाई पहिल्यांदा एकटीने चौक ओलांडते आणि हसते, त्या हसण्यासाठी मी हा उद्योग सुरू केला होता. पण आता चौक जवळ आला की मीच दाराची मूठ पकडते. हे आईंना कळता कामा नये, नाहीतर त्या बिचाऱ्या शिकायच्याच बंद होतील.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आई आज नेहमीच्या वेळेच्याही आधी बूट घालून दारात हजर. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शोध लागला, आणि तो मी लावला!

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक आज चक्क वाचलं. फ्यूजच्या पानावर एका फ्यूजसमोर दोन चित्रं होती. एक मोबाईल चार्ज करायच्या सॉकेटचं आणि दुसरं त्या पोर्टचं. दोघांना वीज एकाच फ्यूजमधून जाते. आणि आमचं सॉकेट कित्येक दिवस बंद आहे! मी आपली केबलला दोष देत तीन केबली बदलल्या. फ्यूज उपसून पाहिला तर आतली तार जळालेली. पोर्टला वीजच नव्हती, तर रीडर बिचारा उजळणार कशाने?

नाचत जाऊन नवा फ्यूज आणला, लावला. टिच् असा आवाज आला आणि तोही गेला. म्हणजे कुठेतरी वायर उघडी पडून लोखंडाला टेकते आहे.

आई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे आतली एखादी वायर निघाली तर हे पोर्टही बंद पडतं?" मी म्हटलं, "पडतं तर." त्या मटकन पायरीवर बसल्या. किती मनाला लावून घेतात! मीच त्यांना पाणी दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बॅटरीकाकांना बोलाव. आणि त्यांना म्हणावं, बझरच्या वायरपासून बघायला सुरुवात करा." वायरिंगमधलं यांना काय कळतं? पण वयाचा मान म्हणून हो म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बॅटरीकाका आले. गाड्यांच्या वायरिंगची कामं करतात, नाव कुणालाच माहीत नाही. आईंना बघताच त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "सिस्टर! तुम्ही इथे? त्या पुराच्या वेळी माझ्या बायकोला दवाखान्यात तुम्हीच आणलंत. काय हाणली होती हो व्हॅन त्या पाण्यातून!"

"ड्रायव्हर होता तो," आई म्हणाल्या. "मी शेजारी बसले होते. चहा टाकू ना?"

"ड्रायव्हर कुठला? तो तर..."

"चहा टाकते," म्हणून आई आत गेल्यासुद्धा. म्हातारपणी माणसांच्या आठवणींची अशी सरमिसळ होते.

काकांना मी आईंचा सल्ला सांगितला, थोडं हसतच. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि म्हणाले, "सिस्टरांचं बरोबर आहे." ज्याने माझ्या बाजूचे पेडल बसवले त्याने बझरला वीज पोर्टच्याच वायरमधून घेतली होती. ती वायर कुणीतरी कापली होती. कापलेल्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, पण उष्णतेने ती सुकून सरकली होती आणि उघडी तार लोखंडी पट्टीला टेकत होती. एवढाच रोग!

मी भडकलेच. "कुठल्या दीडशहाण्याचं काम हे? वायरला कुणी औषधाची पट्टी लावतं का?"

काकांनी ती पट्टी बोटांत धरून उलटीसुलटी केली. कडा दुमडलेल्या, टोक तिरकं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. आई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि काकांच्या कपात साखर ढवळत होत्या. काका बिनसाखरेचा घेतात हे मी आईंना सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"उंदीर असेल," काका म्हणाले.

"उंदीर पट्टी लावतो?"

"हल्लीच्या उंदरांचं काही सांगता येत नाही, ताई." आणि त्यांनी तो गोड चहा एका दमात संपवला.

वायर जोडली, नवा फ्यूज बसवला, रीडर लावला. दिवा लागला! भराभर आकडे यायला लागले. गाडी बोलली. मी आईंना मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. "झालं ना गं नीट? सगळं नीट झालं ना?" असं चारचारदा विचारत होत्या.

आणि बझरही वाजतोय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजचा धडा म्हणजे नुसता छळ. कोपरा आला, बझर. कुत्रं दिसलं, बझर. कुत्रं झोपलेलं होतं. समोर काहीच नव्हतं तरी बझर. घरी येऊन काकांना फोन केला, "काहीतरी उलटं जोडलंय तुम्ही. उगाच वाजतो." ते शांतपणे म्हणाले, "ताई, पेडलवर पाय असला तरच तो वाजतो."

पाय माझाच. दुसरा कुणाचा असणार?

संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी म्हटलं, "आई, मला वाटतं मी त्या दुकानात जाते." त्या बराच वेळ माझी पाठ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वॉर्डात एक पेशंट दगावला की दुसऱ्या दिवशी माझे हात कापायचे. साधं इंजेक्शनसुद्धा देववत नसे. तेव्हा मोठ्या सिस्टर मला रजा देत नसत, उलट जास्त काम द्यायच्या. फार राग यायचा मला त्यांचा." मी विचारलं, "मग?" "मग काय, हात कापायचे थांबले."

चांगली गोष्ट आहे, पण इंजेक्शनचा आणि गाडीचा काय संबंध?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज निघताना आई म्हणाल्या, "चपला काढ आणि सीटवर मांडी घालून बस."

"आई, मी शिकवणारी आहे!"

"म्हणूनच. तोंडाने शिकव. पायाला आज सुट्टी."

मी बसले मांडी घालून, हात दाराच्या मुठीला घट्ट. पहिले दोन चौक माझे डोळे अर्धे मिटलेले होते. आई मैदानाकडे वळल्याच नाहीत, सरळ मोठ्या रस्त्याला लागल्या. समोर बस, बाजूला रिक्षा, एक सायकलवाला मध्येच घुसला. त्यांनी त्याला अलगद जागा दिली. मी ओरडलेही नाही. पुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, तसूभर मागे गेली नाही. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मी खिडकीतून नदी बघते आहे.

आज एकदाही गाडी बंद पडली नाही. त्या दिवशी मी क्लच पहिल्यापासून समजावला, तो अखेर त्यांच्या डोक्यात शिरला म्हणायचा. सांगण्याची पद्धत बरोबर असली की फरक पडतो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज पाय खाली सोडून बसले. बझर दोनदा वाजला. त्यातला एक खरंच गरजेचा होता, असं आईही म्हणाल्या.

दुकानाच्या मालकीणबाईंना येत नाही म्हणून कळवलं. का, ते मला विचारू नये. गाडी पास झाली तर पुढचं बघू.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काय लिहू आणि काय नको.

परवाना कार्यालयाच्या आवारात ही गर्दी. मी वरच्या मजल्यावर खिडकीपाशी रांगेत उभी, आई खाली गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, चावी गाडीलाच. एवढ्यात खाली आमच्या गाडीचा पुकारा झाला. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर उलटी घ्यायची होती. दोन्ही बाजूंना ट्रक उभे, मध्ये गाडी जेमतेम मावेल एवढी फट, आणि चाकं खड्ड्याच्या दोन काठांवर बरोबर यायला हवीत. मी स्वतः घेतली असती तरी दोनदा उतरून बघितलं असतं. तपासनीस ओरडत होता, "कुणाची गाडी? पुढची बोलवू का?"

मी खिडकीतून ओरडले, "आलेच! थांबा!" पण गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? आणि मग पाहिलं तर आई सरकून स्टिअरिंगवर बसल्या होत्या.

मी खिडकीचा गज धरला. आईंनी डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली, उजव्या तळहाताने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ मागे आणली. एका दमात. दोन ट्रकांच्या मधून, खड्ड्याच्या काठावर, चाकं अगदी जागच्या जागी. मग हात बाहेर काढून तपासनिसाला खूण केली, "या, बघा." आजूबाजूचे ट्रकवाले बघत राहिले.

मी जिन्यावरून धावत खाली आले. तपासनीस यंत्र लावत होता. गाडीने पटापट उत्तरं दिली. बझरही तपासला. पास! कागदावर शिक्का मारता मारता तो म्हणाला, "या आजी कोण? इतकी वर्षं इथे आहे, अशी गाडी लावताना कुणाला बघितलं नाही."

"माझी विद्यार्थिनी," मी म्हटलं. "मीच शिकवलंय."

आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून तपासनिसाला सांगितलं, "हो. हिनेच शिकवलं मला. अशी शिकवणारी शोधून सापडणार नाही."

परतताना मी अर्धा रस्ता रडत होते. उलटी गाडी घ्यायला तर मी त्यांना फक्त दोनदा शिकवलं होतं! माझ्या शिकवण्यात एवढं बळ आहे आणि मी खोडरबर विकायला निघाले होते. घरी आल्याबरोबर चष्मेवालीला फोन लावला. तिला म्हटलं, "खांदा बरा असेल तर ये." ती म्हणाली, "मॅडम, मी तुमच्याच फोनची वाट बघत होते."

आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तिला माझी वेळ दे. मला आता येतंय तेवढं पुरे." मी पुष्कळ आग्रह केला. परीक्षेला बसा, पहिल्या फटक्यात पास व्हाल. ऐकेनात. एवढी तयार झालेली विद्यार्थिनी, मला हळहळ वाटली.

सोमवार, ३ मार्च

चष्मेवाली आली. नवीन चष्मा, तीच वेणी. स्टिअरिंगवर बसली खरी, पण निघायच्या आधी आरसा तीनदा सरळ केला. त्याच सिग्नलला आम्ही थांबलो, आमच्या मागे टेम्पो उभा होता. हिरवा लागला आणि तिने गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ पांढरे झालेले. "मॅडम, मला नाही जमणार."

मी दोन्ही पाय सीटखाली घेतले.

"वाजवू देत त्यांना. चावी फिरव," मी म्हटलं. "आमच्या सासूबाईंना मी एकसष्टाव्या वर्षी अगदी शून्यापासून शिकवलंय. तू तर पोर आहेस. क्लच हळू सोड."

तिने हळू सोडला.